पुण्यातल्या फ्लॅटला किमान मुक्काम किती रात्रींचा ठेवावा?

कोथरूडचा वनबीएचके एअरबीएनबीवर टाकताय आणि किमान मुक्काम एक रात्र ठेवू की तीन, असं विचारलंय तुम्ही. माझा फ्लॅट एरंडवण्यात आहे, चार वर्षं देतोय. वर्षभर एकच आकडा ठेवू नका, हे आधी सांगतो.

पहिल्यांदा पाहुणा बदलायला किती खर्च येतो ते कागदावर मांडा. माझ्याकडे मावशींचे ३५० रुपये, चादरी-टॉवेलच्या लॉन्ड्रीचे १८०, साबण-चहापत्तीचे ७० धरले की ६०० होतात. भाडं २४०० असेल तर एका रात्रीचे हातात १८०० राहतात, पण तोच पाहुणा तीन रात्री राहिला तर रात्रीमागे २२००. कमिशन वेगळं. शिवाय परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा सरकारी फॉर्म भरायचा असतो. तो एका रात्रीला आणि दहा रात्रींना सारखाच.

म्हणून मी सुरुवातीला सरळ तीन रात्री ठेवल्या आणि महिनाभर कॅलेंडरकडे बघत बसलो. एका रात्रीसाठी शोधणाऱ्याला आपला फ्लॅट दिसतच नाही. आणि आपल्या भागात तसे लोक बरेच असतात. रविवारी स्पर्धा परीक्षेचं सेंटर आलेली मुलं शनिवारी रात्रीपुरती येतात. दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात कुणी ॲडमिट असतं, त्यांचे नातेवाईक एकच रात्र बुक करतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन येतो, ‘दादा, अजून दोन दिवस मिळेल का?’ असे मुक्काम माझ्याकडे चार-पाच रात्रींवर गेलेत. तीनची अट असती तर ते आलेच नसते.

आता माझ्याकडे रविवार ते गुरुवार एक रात्र चालते, शुक्रवार-शनिवारी आलात तर किमान दोन. चेक-इनच्या वारानुसार वेगळी अट लावायची सोय सेटिंगमध्ये आहे. शनिवारची अट मी पैशांपेक्षा धास्तीनं घातली. एकदा पाच पोरांनी शनिवारची एकच रात्र घेतली, आधारवर पत्ता वडगाव शेरीचा. पुण्यातल्या पुण्यात एरंडवण्यात झोपायला कोण येतं, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. रात्री दीडला सेक्रेटरी काकांचा फोन, ‘तुमच्याकडे कार्य आहे का?’ सकाळी बघतो तर पडद्याला खांद्याएवढ्या उंचीवर केकचं क्रीम. परीक्षेच्या मुलांनी मेसेज केला तर मात्र शनिवारी एक रात्र सोडतो.

मधे अडकणाऱ्या रात्रींकडेही लक्ष ठेवा. एक पाहुणा रविवारी निघाला, दुसरा मंगळवारी येतोय आणि तुमची अट तीनची, तर मधल्या दोन रात्री कुणालाच घेता येत नाहीत. दर रविवारी चहा घेताना मी कॅलेंडर बघतो आणि अशा फटींपुरती अट खाली आणतो.

गणपतीत उलटं करायचं. अनंत चतुर्दशीला धरून मी किमान तीन रात्री ठेवतो. भाव मिळतो म्हणून नाही. आमच्या मावशी कसबा पेठेतून येतात. लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर चारही रस्ते मिरवणुकीत आणि ती दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. त्या दिवशी पाहुणा बदलला तर झाडू आपल्याच हातात. पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हाही हेच. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला मात्र पूर्ण महोत्सवाची अट घालू नका, बाहेरगावचे बरेच जण शेवटचे दोन-तीन दिवसच गाठतात.

जास्तीत जास्त किती रात्री, तेही ठरवून टाका. माझी मर्यादा २७ आहे. त्याच्या पुढे कुणाला राहायचं असेल तर मी रीतसर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवतो, आणि भाडंही मग महिन्याच्या हिशेबानं बोलतो.