थॅच म्हणजे कौलारू? मुळीच नाही

प्रश्न : इंग्लंडमधल्या जुन्या दगडी कॉटेजांवर लेख लिहिते आहे. 'थॅच्ड' घराला 'कौलारू' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. कौल भाजक्या मातीचं. थॅच गवताचं, नाहीतर गव्हाच्या काडाचं. परदेशातलं जुनं घर दिसलं की 'टुमदार कौलारू' लिहून मोकळं व्हायची प्रवासवर्णनकारांची खोड आता पुरे झाली. आपल्याकडे 'शाकारणं' आहे की! फक्त कोकणात कौलंही शाकारतात, तेव्हा 'गवताने शाकारलेलं' असं पूर्ण लिहा. ऑक्सफर्डशायरमधल्या ग्रेट ट्यू गावची तपकिरी दगडाची घरं अशी आहेत. बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही जुन्या घरांची ओळ मात्र नव्हे. तिच्यावर चुनखडीच्या पातळ लाद्या आहेत, वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे लहान लहान होत गेलेल्या. अशा लाद्यांसाठी स्टोन्सफील्ड गावी खाणीतला दगड ओला ठेवून हिवाळ्यात उघड्यावर टाकत. थरांमधलं पाणी गोठलं की दगड आपसूक फाकायचा.

आता खरी गंमत. जुन्या इंग्रजीत 'थॅच' या शब्दाचा अर्थ नुसतं छप्पर. छपरं बहुधा गवताचीच, म्हणून अर्थ गवतावर येऊन थांबला. जर्मन 'डाख' आजही कुठलंही छप्पर. लॅटिनमध्ये याच धातूपासून 'तेगुला' म्हणजे कौल, त्यातून इंग्रजी 'टाइल'. मूळ अर्थ झाकणं. संस्कृतात तोच 'स्थग्' : झाकणं, लपवणं. आणि लपवाछपवी करणारा तो 'स्थग', म्हणजे आपला ठग! हा ठग पुढे इंग्रजांनी उचलला. एकच धातू त्यांच्या भाषेत दोन दारांनी शिरला. मार्गारेट थॅचर यांचं सासरचं आडनावही त्यातलंच : थॅचर म्हणजे शाकारणारा. यावरून विनोद ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर करावेत.

काही कडक व्युत्पत्तिकार 'स्थ'मधल्या महाप्राणाकडे, म्हणजे 'थ'मधल्या 'ह'कडे, बोट दाखवतात. झाकणं याच अर्थाच्या ग्रीक 'स्तेगो'त तो नाही, मग संस्कृतात कुठून आला? अहो, 'स्था' म्हणजे उभं राहणं, त्याचा लॅटिन भाऊ 'स्तारे', त्यातही नाही. तिथे तुमच्याकडे नियम तयार आहे आणि इथे नाही, एवढ्यावरून अर्थाने, रूपाने इतकी जवळची माणसं परकी ठरवायची? नियम उद्या सापडेलही. मी तरी ठगाला थॅचच्या गोतावळ्यातून काढणार नाही.

'कॉटेज' आपल्या 'कुटी'वरून आलं, असं मात्र लेखात लिहू नका. तो जुना इंग्रजी 'कॉट', आणि ते फॉरवर्ड माझ्याकडेही रोज येतं.