'पा' वाजवणाऱ्या काकाचं पत्र

अगं बाळा,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा चहा पिता पिता आणि मग हेडफोन लावून नीट, कारण मागे लोकलचा आवाज एवढा होता की तू 'ब्रास क्विंटेट' म्हणालीस ते मला आधी 'बस किती लेट' असं ऐकू आलं. आता उत्तर टाइप करतोय, नातवाने मराठी कीबोर्ड टाकून दिलाय, चुका सांभाळून घे.

प्रश्न दोनच होते तुझे, बाकी सगळं टेन्शन होतं. एक, नेव्हीच्या बँडमध्ये गेलं की जन्मभर मार्चच वाजवायचे का. दुसरा, बँडमधल्या पाच जणांच्या त्या छोट्या ग्रुपमध्ये, म्हणजे ब्रास क्विंटेटमध्ये, फर्स्ट ट्रम्पेटची खुर्ची किती वर्षांनी मिळते. पहिल्याचं उत्तर नाही, मार्च तर आहेतच पण नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहात नेव्हीचा मोठा कॉन्सर्ट असतो तो एकदा जाऊन ऐक म्हणजे कळेल काय काय वाजवतात ते. दुसरा प्रश्न मात्र मला पटला नाही. रागवत नाहीये, मीही तुझ्या वयात हेच विचारत फिरायचो.

वडिलांचा गिरगावात लग्नाचा बँड होता, लाल कोट, सोनेरी झालर, वरातीत पुढे मी कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ, घेऊन. नेव्हीत नोकरीला गेलो तर वाटलं आता काय, सोलो आपलाच. बँडमास्तरांनी दोन मिनिटं ऐकलं आणि हातात फ्रेंच हॉर्न दिला, म्हणाले हॉर्नला माणूस कमी आहे. संपला विषय. तुला माहितीये ना मार्चमध्ये हॉर्नवाला काय करतो? ट्यूबा, म्हणजे सगळ्यात मोठं जाड आवाजाचं पितळी वाद्य, 'उम्' वाजवतो आणि हॉर्न 'पा' वाजवतो. उम्-पा, उम्-पा, उम्-पा. आई विचारायची काय वाजवतोस रे तिकडे, काय सांगणार, 'पा' वाजवतो. आणि वर त्या वाद्याचं तोंडच मागे, सगळे वाजवतात समोरच्या लोकांसाठी आणि हॉर्नवाला वाजवतो मागच्या भिंतीसाठी.

मग काही वर्षांनी मला त्या पाचात बसवलं, दोन ट्रम्पेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन, एक ट्यूबा. पहिल्या रिहर्सलला घाम फुटला. मोठ्या बँडमध्ये तुझा एक सूर गेला तर शेजारचे दोघं झाकून घेतात, ऐकणाऱ्याला कळतही नाही. इथे एका ओळीला एकच माणूस. तू थांबलीस की तिथे भोक पडतं, पुढचा दात पडल्यासारखं, हसताना पहिलं तेच दिसतं. आणि समोर काठी घेऊन कोणी उभं नाही. सुरुवात होते ती कोणाच्या तरी श्वासाने, बहुतेक वेळा फर्स्ट ट्रम्पेटच्या. त्याने किती वेगाने श्वास घेतला त्यावरून बाकीच्या चौघांनी लय ओळखायची, जोराने वाजवायचंय की हळू तेही त्यातच कळतं. आपल्या चाळीतलं भजन आठव, तिथे तरी कोण हात हलवतं, पखवाजवाला मान उचलतो आणि सगळे टाळ एकदम पडतात. तसंच आहे हे, फक्त युनिफॉर्म कडक इस्त्रीचा.

म्हणून म्हणतो, आधी सेकंड ट्रम्पेट वाजव. फर्स्टची ओळ वर असते, चमकते, लोकांना तीच ऐकू येते, पण ती सुरात वाटते कारण खाली कोणीतरी तिला धरून ठेवलंय. सेकंडला कधी फर्स्टच्या बरोबर एकजीव व्हायचं असतं, कधी हॉर्नशी जोडी जमवायची असते, कधी चार बार, म्हणजे तालाची चार घरं, गप्प बसून मोजत राहायचं असतं, आणि हे करताना कान इतके उघडतात की नंतर फर्स्टला बसलीस तर तुझ्या श्वासावर चौघं डोळे मिटून येतील. मी बघितलेत की थेट फर्स्टला बसलेले, वाजवतात झकास, पण बाकीचे त्यांच्यामागे धावत असतात, बस सुटल्यासारखे.

आता थोडं तुझ्या वाजवण्याबद्दल, पाठवलेल्या क्लिपवरून बोलतोय. आवाज मोठा आहे, स्वच्छ आहे, पण सगळं एकाच जोरात. वरातीतल्या बँडची सवय आहे ती, माझीही होती, रस्त्यावर ढोल आणि हॉर्न, म्हणजे गाड्यांचे हॉर्न, यांच्यावर मात करायची असते. हळू वाजवायला शीक. रोज सकाळी वीस मिनिटं फक्त लांब सूर, इतके हळू की शेजारच्या खोलीतल्या आजी उठणार नाहीत. प्रॅक्टिस म्यूट, म्हणजे आवाज दाबायचं बूच, लावतेस ते चाळीत ठीक आहे, नाहीतर पाणी बंद करतील लोक, पण रोज तेच नको, त्याने मागे दाब येतो आणि सूरही थोडा चढतो, मग म्यूट काढल्यावर सगळा हिशोब बदलतो. आठवड्यातून तीन दिवस तरी मोकळं वाजव, मैदान शोध, गच्ची शोध. आणि जितका वेळ वाजवलंस तितकाच वेळ ओठांना विश्रांती. क्विंटेटमध्ये दम लवकर संपतो कारण मोजून आराम करायला जागाच नसते, चाळीस मिनिटांचा कार्यक्रम म्हणजे ओठ रबराचे होतात, म्हणून तर आम्ही मध्ये मध्ये माईकवर दोन शब्द बोलायचो, लोकांना वाटायचं माहिती देतायत, आम्ही श्वास घेत होतो.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, वाचायला येत नाही हे तू जरा हळूच सांगितलंस. लाज कसली, वडिलांच्या बँडमध्ये कोणालाच येत नव्हतं, सगळं कानावर. पण इथे त्याशिवाय भागत नाही. धोबी तलावच्या आसपास गोवेकर मंडळींनी पिढ्यान्पिढ्या हे शिकवलंय, गावच्या पॅरिश शाळेत लहानपणीच सोल्फेजिओ, म्हणजे डो-रे-मी म्हणत स्वर वाचणं, घोटून मुंबईत आलेले लोक ते, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात नोटेशन लिहायला आणि वाचायला मुख्यतः हेच असायचे. आजही त्या बाजूला आणि वांद्र्याला शिकवणारे सापडतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा दे, पास-नापास जाऊदे, तारीख जवळ आली की आपोआप वाचन सुधारतं. एक गोष्ट आत्ताच डोक्यात बसव, तुझा ट्रम्पेट बी फ्लॅटचा आहे, तू कागदावरचा सी वाजवलास की ऐकू येतो बी फ्लॅट, आणि माझा हॉर्न एफचा, माझा सी म्हणजे ऐकायला एफ. पहिल्या दिवशी कोणी म्हणालं कॉन्सर्ट बी फ्लॅट दे, तर गोंधळू नकोस, तुझा सी दे.

उघड्यावर वाजवणं हा वेगळाच धडा आहे आणि मुंबईत तो लवकर मिळतो. 4 डिसेंबर नेव्ही डे, 1971 साली त्या रात्री आपल्या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला होता त्याची आठवण, तेव्हा गेटवेला बीटिंग रिट्रीट, म्हणजे बँडचं संध्याकाळचं संचलन, असतं ते तू बघितलंच असशील. समोर ताज, मागे समुद्र. छोट्या ग्रुपने अशा जागी वाजवायचं तर हॉर्नवाल्याचे हाल, माझा सगळा आवाज मागे बोटवाल्यांना, समोरच्यांना काहीच नाही. म्हणून जागेवर पोचलं की आधी भिंत शोधायची, हॉर्नमागे भिंत पाहिजे. मग वारा. एका साहेबांच्या घरच्या लॉनवर माझं दुसरं पान उडालं आणि थेट केकवर जाऊन बसलं, मी उरलेलं पाठ होतं तेवढं वाजवलं आणि बाकीचं ट्रॉम्बोनवाल्याकडे बघून 'पा' वाजवला, अनुभव कामाला आला. तेव्हापासून खिशात कपडे वाळत घालायचे चार चिमटे असतातच. तूही ठेव.

आणि सूर. एसी हॉलमध्ये ट्यून केलंस आणि मे महिन्यात बाहेर आलीस तर सगळं चढलेलं असतं. हवा दहा डिग्रीने तापली की आवाजाचा वेग सेकंदाला साधारण सहा मीटरने वाढतो, नळीची लांबी तीच, मग सूर वर जाणारच. फुंकर गरम असते म्हणून प्रत्यक्षात फरक जरा कमी पडतो, पण पडतो. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, बाहेर ओढायची, आणि ट्यूनर मशीनचा हिरवा दिवा बघून नाही तर ट्यूबाकडे कान देऊन. ट्यूबा बेसूर असला तर? तर पाचही जणांनी मिळून थोडं बेसूर व्हायचं, एकट्याने बरोबर राहून उपयोग नाही.

आता जे तू विचारलं नाहीस ते. ट्रम्पेटवाल्यावर एक ड्युटी येते जी हॉर्नवाल्यावर येत नाही, लास्ट पोस्ट, म्हणजे शहिदांना निरोप देणारी धून. अंत्यसंस्कार असो की डॉकयार्डमधल्या गौरव स्तंभापाशी पुष्पचक्र, सगळे स्तब्ध आणि एकटीचा आवाज. सूर मोजकेच, व्हॉल्व्ह दाबायचीही गरज नाही कारण मूळ ते बिगुलचं आहे, म्हणजे सगळं ओठावर. अवघड ते वाजवणं नाही, त्याच्या आधीचं उभं राहणं अवघड. चाळीस मिनिटं सावधान, भाषणं चालू, ओठ कोरडे, माउथपीस गार. आमच्यातला एक जण माउथपीस काढून मुठीत धरून ठेवायचा, वेळ आली की गुपचूप बसवायचा. वाद्यात आवाज न करता गरम हवा सोडत राहा. गुडघे ताठ लॉक करू नकोस, बुटात पायाची बोटं हलवत राहा, नाहीतर उन्हात चक्कर येऊन पडतात माणसं, मी दोघांना उचललंय. आणि ज्यांचा मुलगा गेलाय त्यांच्याकडे वाजवण्याआधी बघू नकोस. मी एकदा बघितलं होतं, मला वाजवायचंही नव्हतं, तरी पुढचे मार्चचे चार बार माझ्या हॉर्नातून काही निघालं नाही.

घरचे म्हणतात 'बँडमध्ये? मग फौजी कसली?' त्यांना सांग की बँडवाल्यालाही पळावं लागतं, 1.6 किलोमीटर, मुलींना आठ मिनिटं. भरतीत वाद्याबरोबर सूर, लय आणि एक अख्खं गाणं म्हणून दाखवायला लावतात, तेव्हा गळाही तयार ठेव. ओडिशात चिल्काला बेसिक ट्रेनिंग, आणि संगीताचं शिक्षण म्हणजे आपलं कुलाब्याचं आयएनएस कुंजाली, कालिकतच्या राजाच्या, म्हणजे सामुतिरीच्या, आरमाराचे सेनापती कुंजाली मरक्कार त्यांच्यावरून नाव. पण हेही सांग घरी की 2022 पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांची भरती आहे आणि जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतात. खोटं सांगून जाऊ नकोस. चार वर्षांत जे वाचन आणि जो कान तयार होईल तो कोणी काढून घेत नाही, पोलीस बँड आहेत, शाळा आहेत, स्टुडिओ आहेत. मुंबई पोलिसांच्या बँडचा खाकी स्टुडिओ तर तूच मला फॉरवर्ड केला होतास.

आता ऐकायला काय तेही सांगतो. व्हिक्टर इवाल्ड ऐक, सेंट पीटर्सबर्गला सिव्हिल इंजिनिअरिंगचा प्रोफेसर होता, फावल्या वेळात चेलो वाजवायचा, आणि आज जगातली प्रत्येक क्विंटेट त्याचे पीसेस वाजवते. मग माल्कम अर्नोल्डचा 1961 चा क्विंटेट, तो स्वतः ट्रम्पेटवाला, त्यामुळे ट्रम्पेटला काय जमतं हे त्याला नको इतकं माहिती होतं. दोन्ही ऐकताना ट्रम्पेटकडे लक्ष देऊ नकोस. फक्त हॉर्न ऐक, मग पुन्हा लावून फक्त ट्यूबा.

रविवारी ये. चर्नी रोडला उतर, अकराच्या आत, नंतर खालच्या हॉलमध्ये कॅरम सुरू होतो आणि आपली जागा जाते. ट्रॉम्बोनवाले काका पण येतो म्हणालेत, गुडघा दुखतोय तरी. ट्रम्पेट आण, चिमटे आण, आणि त्याला ब्रासो लावून चकाचक करून आणू नकोस, वरचा लॅकरचा चकचकीत थर जातो, नुसतं मऊ फडक्याने पूस. सेकंडचा पार्ट मी काढून ठेवतो. फर्स्ट कोण वाजवणार ते आल्यावर बघू, बहुतेक नातू त्याच्या कीबोर्डवर वाजवेल.

तुझा,
काका