मावशी म्हणजे दोड्डम्म नव्हे

मराठी-कन्नड शब्दसूचीतली 'समानार्थी', 'व्यापक', 'अंग' (एखाद्या वस्तूचा भाग) ही नाती गणिताने काटेकोर मांडता येतील का, असं तुम्ही विचारलंय. येतात. जर्मनीतल्या डार्मश्टाटचे गणिती रुडॉल्फ विले यांनी १९८२ साली मांडलेलं फॉर्मल कन्सेप्ट अॅनालिसिस, म्हणजे तक्त्यातून संकल्पना काढायची गणिती रीत, घ्या, पण सुरुवात शब्दांपासून करू नका, तक्त्यापासून करा. आडव्या ओळींत वस्तू, उभ्या रकान्यांत गुण, लागू पडेल तिथे फुली. काही ओळींचे सगळे समाईक गुण घेतले आणि ते गुण असणाऱ्या नेमक्या त्याच ओळी परत आल्या, की ती संकल्पना. ओळी तिचा वस्त्वर्थ, गुण तिचा गुणार्थ. एकीचा वस्त्वर्थ दुसरीत मावला तर दुसरी व्यापक. दोन शब्दांचा वस्त्वर्थ तंतोतंत एक निघाला तरच समानार्थी लिहा.

निपाणीत आमच्या दाराला दार लावून कन्नड घर आहे, म्हणून मी नात्यांचे शब्द घेतले. मावशी, आत्या, चुलती, मामी. प्रत्येकीची थोरली-धाकटी धरून आठ ओळी. रकाने: आईकडची, वडिलांकडची, रक्ताची, लग्नाने आलेली, थोरली, धाकटी. मावशी लगेच बसली: आईकडची, रक्ताची. कन्नडातली दोड्डम्म बसेना. तो शब्द थोरल्या मावशीलाही आहे आणि थोरल्या चुलतीलाही. दोघींत समाईक फक्त 'थोरली', आणि तेवढ्यावर थोरली आत्या नि थोरली मामीही आत येतात. त्या तर कन्नडात अत्ते!

अशा वेळी शब्दाला दोष देऊ नका, रकाना राहिलेला असतो. शेजारच्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "दोड्डम्माच्या पोरीशी सोयरीक करतात व्हय? ती बहीणच की." 'तिच्या मुलांशी सोयरीक होत नाही' हा रकाना घातला आणि दोड्डम्मला नेमक्या दोन ओळी उरल्या. (रकाना कुणाच्या घरचा ते नोंदवा. बऱ्याच मराठी घरांत मामाची मुलगी चालते, आत्याची नाही.)

म्हणजे मावशी आणि दोड्डम्म यांत कुणीच कुणाच्या पोटात नाही. जालकात, म्हणजे व्यापक संकल्पना वर नि तिच्यात मावणाऱ्या खाली अशा आकृतीत, दोघी थोरल्या मावशीपाशी तेवढ्या भेटतात. दोघींमध्ये बरोबरचं चिन्ह घालणं चूक आहे.

'अंग' मात्र या क्रमातून निघत नाही, ते वेगळं नातं म्हणून जोडावं लागतं. उटा प्रिस या संशोधिकेने वर्डनेट या इंग्रजी शब्दांच्या नात्यांच्या कोशासाठी तसं केलंय, 'प्रत्येकाला' की 'निदान एकाला' हे स्पष्ट लिहून. बैलगाडीला चाक असतंच, पण प्रत्येक चाक बैलगाडीचं नसतं.

पहिला तक्ता लहान ठेवा. दहा ओळी, दहा रकाने झाले तरी १०२४ पर्यंत संकल्पना निघू शकतात. आठ ओळींचं जालक कागदावर हाताने काढता येतं.