मैत्रिणींना कलकत्ता दाखवायला निघालेल्या मुलीस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात मैत्रिणींना घेऊन कलकत्त्याला निघालीस, हे वाचून जीव सुखावला. चार दिवसांत काय काय बसवता येईल त्याची यादी तू मागितली आहेस. ती मी करणार नाही. का करणार नाही ते मात्र सविस्तर लिहिते, कारण गेल्या हिवाळ्यात आमच्या जुन्या मैत्रिणींचा कंपू घेऊन मी तिथे जाऊन आले, तेव्हापासून हाच विषय मनात घोळतो आहे.

तू तिथे शिकलीस, मी तिथे बँकेत नोकरी केली. आपल्या दोघींच्या काळात केवढं अंतर! पण ते शहर आपल्याला आपलंसं झालं ते एकाच रीतीने, रिकाम्या वेळामुळे. डलहौसी चौकातलं ऑफिस सुटलं की मला हेदुआ तलावाजवळच्या हॉस्टेलवर पोचायची काही घाई नसायची. वीज गेलेली असायची, मेट्रोसाठी चौरंगी रस्ता खणून ठेवलेला असायचा, ट्राम रखडायची. मग मी सरळ चालत निघायची. वाटेत मातीच्या भांड्यातला चहा, कुणाच्या तरी ओट्यावर चाललेला वाद, उघड्या खिडकीतून येणारा हार्मोनियमचा सूर. तू पाठवलेल्या आठवणी पुन्हा वाचून बघ. परीक्षा संपल्यानंतरची दुपार, पावसात अडकलेली संध्याकाळ, मेसमधल्या दीदीने वाढलेली खिचडी. त्यात एकही प्रेक्षणीय स्थळ नाही! आणि मैत्रिणींना मात्र तू स्थळं दाखवायला नेणार. म्हणजे ज्याने तुला त्या शहराचा लळा लावला, नेमकं तेच त्यांना मिळणार नाही.

म्हणून माझा आग्रह इतकाच, की दिवसाला एक जागा ठरव आणि उरलेला दिवस मोकळा सोड. व्हिक्टोरिया मेमोरियल त्यांना बाहेरून दिसेलच, आत जायचं की नाही ते त्या ठरवतील.

कॉलेज स्ट्रीटसाठी मात्र आख्खी दुपार ठेव. रविवारी जाऊ नकोस, बहुतेक दुकानं बंद असतात. त्या एका रस्त्याच्या आसपास 1817 साली सुरू झालेलं हिंदू कॉलेज, म्हणजे आजचं प्रेसिडेन्सी, 1824 चं संस्कृत कॉलेज आणि 1857 चं विद्यापीठ आहे. तरी मैत्रिणींना इमारतींसमोर उभं करून इतिहास सांगत बसू नकोस. पुस्तकांच्या टपऱ्यांपाशी त्यांना सोडून दे. बंगाली वाचता येत नसलं तरी काही बिघडत नाही. आमच्यातली एक जण आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेली. एका टपरीवर तिला भूमितीचं जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं आणि टपरीवाल्या दादांशी तिची जी जुंपली, ती किमतीवरून नाही तर एका सिद्धतेवरून! दादांनी स्टूल पुढे सरकवलं, शेजारून चहा मागवला. आम्ही बाकीच्या कॉफी हाउसचा जिना चढून वर गेलो.

ते कॉफी हाउस तुला मी काय सांगणार? पण तुझ्या मैत्रिणींना इतकं सांग, की तो जुना अल्बर्ट हॉल आहे, 1942 साली कॉफी बोर्डाने तिथे कॉफी हाउस थाटलं आणि आता ते कामगारांची सहकारी संस्था चालवते. तुरेवाला फेटा बांधलेले वाढपी अजून आहेत. इन्फ्यूजन म्हणजे काळी कॉफी मागव, आणि एका कपावर तासभर बसलात तरी कुणी उठवणार नाही याची खात्री बाळग. भिंतीवर रवींद्रनाथ, वर गरगरणारे पंखे आणि शंभर माणसं एकाच वेळी बोलत असल्याचा गलका. पहिली दहा मिनिटं आमच्या मैत्रिणी 'आता पुढे कुठे?' म्हणून माझ्याकडे बघत होत्या. मी काही बोलले नाही. हळूहळू त्यांच्याच गप्पा सुरू झाल्या. कॉलेजातल्या, सासूच्या, एकीच्या मुलाच्या घटस्फोटाच्या. हा शेवटचा विषय आम्ही पुण्यात कधी काढला नव्हता. त्या गलक्यात कुणी ऐकत नाही म्हणून असेल, पण ती मोकळी बोलली. गणितवाली पुस्तक काखोटीला मारून आली तेव्हा दिवे लागले होते. खाली उतरून आम्ही पॅरामाउंटमध्ये शहाळ्याचं सरबत प्यायलो. 1918 पासूनचं दुकान आहे ते. त्या दिवसाचा कार्यक्रम एवढाच.

आता दुसरी गोष्ट, आणि ही तुला जड जाईल. त्यांच्यापुढे जुन्या शहराचं सुतक धरू नकोस. तू सोडून आलीस त्याला फार वर्षं झाली नाहीत, तरी 'पूर्वी इथे असं नव्हतं' हे वाक्य तुझ्या पत्रात दोनदा आलं आहे. माझ्याकडे तर त्याची खाणच आहे. पिवळी अँबेसेडर टॅक्सी बघ. कारखान्यातलं उत्पादन 2014 साली थांबलं आणि उरलेल्या गाड्या पंधरा वर्षांच्या नियमाने एकेक करून बाद होत चालल्या. ट्रामचं दुःख त्याहून मोठं. 1873 साली घोड्यांनी ओढलेली पहिली ट्राम सियालदहहून निघाली, 1902 ला विजेवरची आली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने जाहीर केलं की एस्प्लनेड ते मैदान एवढा वारसा म्हणून ठेवू, बाकी बंद. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मला विचारशील तर हा निर्णय चुकीचा आहे. धूर न सोडणारं, गरिबाला परवडणारं वाहन ज्या शहराने सव्वाशे वर्षं विजेवर चालवलं, त्याने ते सुधारायचं सोडून मोडीत काढावं हे मला पटत नाही. निघण्याआधी कुठला मार्ग चालू आहे ते विचारून घे आणि मिळाली तर ट्राममध्ये बसाच.

पण तुझ्या मैत्रिणी पहिल्यांदा जाणार आहेत. जे गेलं ते त्यांचं कधी नव्हतंच. त्यांचं कलकत्ता आजपासून सुरू होणार, आणि त्या शहरात मार्च 2024 पासून नदीच्या खालून मेट्रो जाते. हावडा मैदानाहून एस्प्लनेडकडे निघालं की पाऊण मिनिटात हुगळी डोक्यावरून जाते. आमच्यातल्या दोघींनी नुसत्या हौसेपायी एकाच दिवशी दोनदा ती फेरी केली. 1984 साली एस्प्लनेड ते भवानीपूर ही देशातली पहिली मेट्रो सुरू झाली, तेव्हा आम्ही हॉस्टेलच्या मुलीसुद्धा अशाच काही काम नसताना जाऊन बसलो होतो. ते मी त्यांना सांगितलं, पण परत येताना आणि त्यांनी विचारल्यावर.

त्यांना स्वतःचं काहीतरी सापडू दे. आमची एक मैत्रीण मूळची अलिबागची. तिच्या लहानपणी शेजारी बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची घरं होती, ज्यांना आपल्याकडे पूर्वी शनिवार तेली म्हणत. ब्रेबॉर्न रोडच्या गर्दीत तिला मागेन डेव्हिड सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा, मनोरा दिसला आणि ती तिथेच थांबली. इतकी वर्षं त्या रस्त्याने माझं जाणंयेणं होतं, पण आत जावं असं मला कधी सुचलं नव्हतं. ओळखपत्र दाखवून गेलो. 1884 ची वास्तू, रंगीत काचा, उंच खांब. अठराव्या शतकाच्या अखेरीस अलेप्पोहून शालोम कोहेन इथे आला आणि त्याच्या मागून बगदादी ज्यूंची वस्ती वाढत गेली. आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली आहेत, आणि सिनेगॉगची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कुटुंबं करतात. राखणदारकाकांना आमची मैत्रीण मराठीमिश्रित हिंदीत कोकणातल्या सिनेगॉगबद्दल सांगत होती आणि ते मान डोलावत ऐकत होते. त्या दिवशी शहर तिने मला दाखवलं.

कुमारटुलीला, मूर्तिकारांच्या वस्तीत, जाशील तर दुपारी जा आणि फोटो काढण्याआधी विचार. तुम्ही जाल तेव्हा सरस्वतीच्या मूर्तींचं काम सुरू झालेलं असेल. आधी बांबूचा सांगाडा, त्यावर गवताचं अंग, मग चिकट माती, वरून गंगेची मऊ माती. दुर्गापूजेला 2021 साली युनेस्कोच्या यादीत मान मिळाला, पण त्या बोळात मला जास्त मोलाचं वाटतं ते हातांचं रोजचं काम. तुझी चित्रकार मैत्रीण तिथे रमली तर बाकीच्यांनी तिच्यासाठी ताटकळू नये. जवळच शोभाबाजारच्या घाटावरून होडी पलीकडे जाते, तिकडे जाऊन या.

एक गोष्ट जाण्याआधी त्यांना नक्की सांग. तुम्ही मराठी आहात म्हटल्यावर कुणीतरी म्हातारे काका हसत हसत 'बर्गी!' म्हणतील. बर्गी म्हणजे लुटालूट करणारे मराठा स्वार. आपण अटकेपार झेंड्यांचे धडे गिरवून मोठे झालो. बंगालमध्ये 1742 पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी काय केलं, ते कुणी आपल्याला शिकवलं नाही. गावं लुटली, जाळली, माणसं मारली. 1751 च्या तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई घेऊन ते थांबलं. मराठे येतील या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. फौज काही तिथवर पोचली नाही, खंदक अर्धाही झाला नाही, आणि पुढे त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड आला. बाळाला निजवताना बर्गी आले म्हणून सांगणारं गाणं तिथल्या आया अजून म्हणतात. म्हणून कुणी ते म्हटलं तर रागावू नका आणि उसना युक्तिवादही करू नका. आम्हाला ठाऊक आहे, एवढं म्हणा. त्याच शहरात पुढे शिवाजी उत्सव झाला. देवघरजवळ जन्मलेले मराठी वंशाचे बंगाली लेखक सखाराम गणेश देउस्कर त्यासाठी झटले, रवींद्रनाथांनी 1904 साली शिवाजीवर कविता लिहिली, 1906 ला टिळक तिथे उत्सवाला गेले. हेही त्यांना सांग, पण आधीचं झाकण्यासाठी नको.

खाण्याचं फार लिहीत नाही, तुला माझ्यापेक्षा ठाऊक आहे. फक्त तुमच्यातल्या शाकाहारी मुलीची 'बिचारीला काय मिळणार' अशी कीव करू नका. शुक्तो ही कडसर मिश्र भाजी, केळफुलाचा मोचार घंटो, डाळीच्या वड्यांचा धोकार डालना हे सगळं मागवा. त्यातलं बरंचसं बंगाली विधवांच्या स्वयंपाकातून आलेलं आहे. मासळी, कांदा, लसूण सारं त्यांना वर्ज्य केलं गेलं आणि उरलेल्या भाजीपाल्यातून त्यांनी एक पुरी पाकपरंपरा उभी केली. हे माहीत असलं की त्या ताटाकडे आदराने पाहिलं जातं. डिसेंबरात खजुराचा नवा गूळ निघालेला असतो. त्या गुळाची, नोलेन गुडाची, संदेश नावाची मिठाई सगळ्यांनीच खा.

राहिली तुझी जुनी खोली. चौघींना त्या इमारतीखाली नेऊन 'ती बघा, तिसरी खिडकी' असं करू नकोस. त्या प्रेमाने बघतील, पण त्यांना खिडकीच दिसेल. एक सकाळ त्या झोपलेल्या असताना एकटी जा. मी हेदुआला अशीच गेले. तलावात पोहणारी मुलं होती, समोर बेथून कॉलेजचं फाटक होतं, हॉस्टेलच्या जागी दुसरंच काही उभं होतं. मनसोक्त रडले आणि नाश्त्याला परतले. शेवटच्या दिवशी गणितवाली आपणहून म्हणाली, 'तू राहायचीस ते दाखव ना.' मग तिला नेलं, आणि तिने इतके प्रश्न विचारले की मला विसरलेल्या कितीतरी गोष्टी आठवल्या. तुझ्याही एखादीने असं विचारलं तर जरूर ने.

मुंबईहून गीतांजली एक्सप्रेस धरलीत तर दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला उतराल. टॅक्सीच्या रांगेत उभ्या राहू नका. स्टेशनबाहेरच्या घाटावरून लाँच घ्या म्हणजे 1943 चा तो पूल, ज्यात नट-बोल्ट नाहीत, नुसते रिव्हेट आहेत, त्यांना आधी खालून दिसेल. सामान कमी ठेवा, लाँचमध्ये चढउतार करताना हाल होतात. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात खोल्यांसाठी आत्ताच विचारून ठेव, डिसेंबरात गर्दी असते. तिकिटं झाली की कळव. माझी शाल तिथे एका बाईंकडे राहिली आहे, त्यांचा पत्ता पाठवीन. त्यांना भेटायला एकटीने नको, मैत्रिणींना घेऊन जा. त्या तुम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नाहीत.

तुझी,
मावशी