क्वालालंपूरहून मलाक्का एका दिवसात बघून होतं का?

बघून होतं, पण हाती फारसं लागत नाही. तुम्ही लिहिलंय की सोबत आई-बाबा आहेत, दोघं शाकाहारी आहेत आणि टूरवाला सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणणार आहे. माझं मत विचाराल तर टूर सोडा आणि तिथे एक रात्र मुक्काम करा.

मी टूरबरोबरही गेलोय आणि स्वतःचं स्वतःही. टूरची बस लाल चौकात सोडते तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं. मलेशियातलं हे गाव विषुववृत्ताच्या जवळ आहे, दमट हवा वर्षभर, आणि दुपारी बारा ते चार या वेळात आपल्या वयाच्या माणसालाही चालवत नाही, तर आई-बाबांचं काय. या गावाची खरी वेळ सकाळी सात ते दहा आणि मग संध्याकाळ. टूरवाले नेमक्या याच दोन वेळा प्रवासात घालवतात.

लाल चौक म्हणजे डचांचा जुना चौक. सतराव्या शतकातलं स्टॅडहाउस, म्हणजे डचांची कारभाराची इमारत, आणि १७५३ साली पूर्ण झालेलं ख्राइस्ट चर्च. हा लाल रंग डचांचा नव्हे, तो नंतर इंग्रजांच्या काळात दिला गेला. समोर सायकलरिक्षांची रांग असते: कागदी फुलं, दिवे, पिकाचू, हॅलो किटी आणि कानठळ्या बसवणारी गाणी. आईंना मजा वाटेल, जरूर बसवा, फक्त भाडं आधी ठरवा.

पण जायचं ते मागच्या टेकडीवर, सेंट पॉलच्या पडक्या चर्चमध्ये. पायऱ्या बेताच्या आहेत, थांबत थांबत चढलं की झालं. पोर्तुगीजांनी १५२१ साली इथे छोटं प्रार्थनास्थळ बांधलं. आज वर छप्पर नाही, आत भिंतींना टेकवून उभ्या केलेल्या पुरुषभर उंचीच्या थडग्यांच्या शिळा आहेत, काही लॅटिनमध्ये, काही डचमध्ये. हात लावून बघा, जहाजं आणि कवट्या इतक्या खोल कोरल्यात की बोट आत जातं. पुढच्या भागात जाळी घातलेला एक खड्डा आहे. बहुतेक लोक त्यात नाणं टाकून पुढे जातात. गोवा पाहिलेल्या माणसाने मात्र इथे थांबावं. ज्यांना गोव्यात ‘गोंयचो सायब’ म्हणतात, ज्यांचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात आहे, ते फ्रान्सिस झेवियर डिसेंबर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. पुढच्या वर्षी त्यांचा देह मलाक्काला आणला आणि काही महिने याच जागी पुरून ठेवला होता. मग जहाजाने गोव्याला नेला. बाहेर त्यांचा पांढरा पुतळा आहे, १९५२ साली बसवलेला. त्याला उजवा हात नाही. सांगतात ते असं, की पुतळा बसवल्यावर लगेच त्याच्यावर झाड पडलं आणि हात तुटला. खऱ्या देहाचाही उजवा हात १६१४ साली कापून रोमला नेला होता, त्यामुळे गाईड लोकांना हा किस्सा फार आवडतो.

गोव्याचं नातं एवढ्यावर संपत नाही. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये मलाक्का. टेकडीच्या पायथ्याशी जे एकटं दगडी प्रवेशद्वार उभं आहे, ते त्याच्या किल्ल्याचं उरलेलं तेवढंच. त्यावर १६७० साल कोरलेलं दिसेल, कारण १६४१ मध्ये किल्ला डचांनी जिंकला आणि दरवाजा दुरुस्त करून त्यावर आपलं चिन्ह लावलं. बाकीचा किल्ला इंग्रजांनी १८०७ च्या सुमारास सुरुंग लावून उडवला. रॅफल्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मध्ये पडून हा दरवाजा वाचवला. तेव्हा समुद्र जवळजवळ इथपर्यंत होता. आता भराव टाकून मॉल उभे केलेत, त्यामुळे हा बंदराचा किल्ला होता यावर बाबांचा विश्वास बसायला वेळ लागेल.

बंदर कसलं होतं हे समजलं तर गाव जास्त आवडेल. आपल्याकडून नैऋत्य वाऱ्यावर जहाजं इकडे यायची, चीनकडची ईशान्य वाऱ्यावर. परतीचा वारा सुटेपर्यंत सगळ्यांनाच इथे मुक्काम ठोकावा लागे. गुजरातचं कापड घेऊन यायचं आणि मसाल्याच्या बेटांवरच्या लवंगा, जायफळ घेऊन परत जायचं. पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकल्यानंतर लगेचच तोमे पिरेस नावाचा एक पोर्तुगीज इथे राहिला होता. त्याने बाजारात येणाऱ्या लोकांची जी यादी लिहून ठेवली आहे, तीत कैरो, एडन, होर्मुझच्या लोकांबरोबर चौल, दाभोळ आणि गोव्याचे लोकही आहेत. आपला रेवदंड्याजवळचा चौल आणि वाशिष्ठीच्या मुखावरचं दाभोळ! तिथे जायच्या आधी आई-बाबांना हे सांगा, बघण्यात फरक पडतो.

मुक्काम नदीपलीकडे जुन्या गल्ल्यांत करा. घरं दर्शनी बाजूला अरुंद आणि आत खोलच खोल, मध्ये उघडे चौक, पाऊस थेट घरात पडतो. कोकणातल्या किंवा वाड्यातल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. बाबा-न्योन्या घराण्याचं एक राहतं घर आता संग्रहालय आहे, तेवढं तिकीट काढून बघाच. चिनी व्यापारी आणि स्थानिक बायका यांच्यापासून झालेला हा समाज. वरच्या मजल्याच्या जमिनीत एक छोटं भोक आहे, दारात कोण आलंय ते वरून बघायला. जाण्याआधी त्या दिवशी उघडं आहे ना ते तपासा, सोमवारी इथली बरीच संग्रहालयं बंद असतात.

जवळच एका रस्त्यावर चिनी देऊळ, मशीद आणि गणपतीचं देऊळ शेजारी शेजारी आहेत. मशिदीला घुमट नाही, एकावर एक उतरतं छप्पर आहे आणि मिनार पॅगोड्यासारखा. गणपतीचं देऊळ १७८१ चं, चिट्टी लोकांचं. हे तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज, घरात मलय बोलतात आणि पूजा शंकराची करतात.

जॉन्कर रस्त्यावरचा रात्रीचा बाजार फक्त शुक्रवार ते रविवार भरतो. मला स्वतःला तो नाही आवडला, धक्काबुक्की आणि मोबाईलची कव्हरं. आई-बाबा असताना मधल्या वारी जा, हॉटेलही स्वस्त मिळतं. नदीतली बोट संध्याकाळी ठीक. जहाजाच्या आकाराचं सागरी संग्रहालय बाहेरून बघितलं तरी चालेल.

खाण्याचं: लिटिल इंडियात तमिळ खानावळी आहेत, डोसा आणि केळीच्या पानावरचं जेवण मिळतं, अडचण नाही. इतर ठिकाणी ‘भाजी’ म्हणून आणलेल्या पदार्थातही बेलाचान, म्हणजे सुकटाची आंबवलेली चटणी, असू शकते. ते नाव घेऊन ‘नको’ सांगा. चेंडोल मात्र सगळ्यांनी खा: किसलेला बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वर गुला मलाका, जो आपल्या माडाच्या गुळाचा सख्खा भाऊ आहे.

जायचं कसं: क्वालालंपूरच्या टीबीएस बस स्थानकावरून मलाका सेंट्रलची बस, साधारण दोन तास. बुकिंग करताना नाव ‘मेलाका’ असं शोधा. स्थानकापासून जुनं गाव काही किलोमीटर आहे, ग्रॅब, म्हणजे तिकडची ॲपवरची टॅक्सी, करा. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही मुदतीची सवलत आहे, म्हणून तिकीट काढण्याआधी पुन्हा खात्री करा. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्डही भरायचं असतं.

आणि रात्र काढणं जमतच नसेल, तर टूर न घेता पहाटेची बस पकडा. आधी टेकडी, मग ते बाबा-न्योन्यांचं घर, दुपारी एसीत जेवण आणि आराम, चारनंतर तिन्ही प्रार्थनास्थळांची गल्ली. परतीचं तिकीट सकाळी उतरल्या उतरल्याच काढा, शनिवार-रविवारी संध्याकाळच्या गाड्या भरलेल्या असतात.