सही करण्याआधी १६३ बिलं मोज

बाळा,

तू पाठवलेली त्या सँडविच ब्रँडच्या फ्रँचायझीची फाइल काल रात्री दोनदा वाचली. आठ वर्षांची बचत घालणार, कमी पडलं तर बाबांच्या पीएफमधून घेणार, असं तू लिहिलंस, तेव्हा फोनवर नुसतं हो किंवा नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. मी सहा वर्षं असंच एक फ्रँचायझी दुकान, म्हणजे नाव ब्रँडचं आणि पैसे आपले, पुण्यात चालवलं. तेव्हा मला जे कुणी सांगितलं नाही, ते तुला सांगते.

पहिल्याच पानावर 'एकूण गुंतवणूक ३५ लाख अधिक जीएसटी' असं छापलंय. तुझी नजर ३५ वर थांबली असणार, माझी 'अधिक'वर थांबली. बहुतेक धंद्यांत खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीच्या करातून वळता करता येतो. गिऱ्हाइकाकडून ५ टक्के घेणाऱ्या रेस्टॉरंटला मात्र ही वजावट मिळत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून हेच चाललंय. म्हणजे ओव्हन, थंड काउंटर, फर्निचर, फ्रँचायझी फी या सगळ्यांवरचे १८ टक्के तुझ्याच खिशातून जाणार. ३५ चे ४१ लाख ३० हजार इथेच झाले. रॉयल्टीवरच्या, म्हणजे विक्रीतून ब्रँडला द्यायच्या वाट्यावरच्या, आणि भाड्यावरच्या १८ टक्क्यांचंही तेच. जागामालकाची जीएसटी नोंदणी नसली तरी सुटका नाही, कारण ऑक्टोबर २०२४ पासून तो कर भाडेकरूनेच सरकारला भरायचा आहे.

त्या ३५ लाखांत जागेचं डिपॉझिट धरलेलं नाही. गल्ला भरायला लागेपर्यंतचे पगार आणि भाडंही नाही. निदान सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा ठेवल्याशिवाय दुकानाची फीत कापू नये, या मतावर मी ठाम आहे.

आता माझं गणित बघ. आकडे तुझ्या जागेप्रमाणे बदल, रीत हीच ठेव. सरासरी बिल कर सोडून २५० रुपये धर. त्यातले ३८ टक्के, म्हणजे ९५ रुपये, माल आणि पॅकिंगचे. रॉयल्टी ८ टक्के आणि जाहिरात निधी ४ टक्के धरला तर ३० रुपये, वर त्याचा जीएसटी ५ रुपये ४० पैसे. हातात उरले ११९ रुपये ६० पैसे. महिन्याचा ठरलेला खर्च असा: भाडं करासह १ लाख ४१ हजार ६००, सहा माणसांचे पगार १ लाख २० हजार, वीज ३५ हजार, दुरुस्ती-इंटरनेट-सीए-साफसफाई मिळून २५ हजार. एकूण ३ लाख २१ हजार ६००. हा खर्च ११९ रुपये ६० पैशांनी आणि मग तीस दिवसांनी भागलास की नुसता खर्च निघायला रोजची ९० बिलं येतात. तुझ्या फाइलचा हिशेबही साधारण इथेच थांबतो, आणि ९० बिलं काय, सहज होतील असं वाटतं.

पुढे चल. निम्मी विक्री डिलिव्हरी ॲपवरून आली आणि त्यांचं कमिशन २५ टक्के असलं, तर त्या कमिशनवरच्या करासकट दर बिलामागे सरासरी ३६ रुपये ९० पैसे आणखी गेले. उरले ८२ रुपये ७० पैसे. रोजची बिलं झाली १३०. २० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता साडेत्रेचाळीस हजारांचा, बिलं १४७. आणि तू दिवसभर दुकानात उभी राहणार त्याचे महिना ४० हजार धरलेस, धरलेच पाहिजेस, तर १६३. नफा यानंतर सुरू होतो.

हे १६३ तीस दिवसांवर भागलेले आहेत, आणि माझी चूक नेमकी इथे झाली. माझं दुकान आयटी पार्कजवळ होतं. जागा बघायला मी बुधवारी दुपारी एक वाजता गेले. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या पोरापोरींची रांग बघून मी हरखले आणि त्याच आठवड्यात टोकन देऊन टाकलं. शनिवारी-रविवारी तो रस्ता ओस असतो, हे दुकान उघडल्यावर कळलं. तीस दिवसांची बिलं बावीस दिवसांत काढायची म्हणजे रोज २२२ झाली. एका काउंटरवर दुपारच्या दोन तासांत तेवढं काम उरकत नाही. रांग लांबली की माणसं शेजारच्या वडापावकडे वळतात. मार्च २०२० मध्ये ऑफिसं घरी गेली, माझा लॉक-इन, म्हणजे जागा सोडता येत नाही ती मुदत, अजून बाकी होता आणि भाडं चालूच राहिलं. त्या वर्षी मी दागिने मोडले, हे तुझ्या आईलाही माहीत नाही.

म्हणून तू त्या जागेसमोर बुधवारी, शनिवारी आणि रविवारी, दुपारी आणि संध्याकाळी उभी राहा. रस्त्यावरून किती लोक जातात ते मोजू नकोस. शेजारच्या खाण्याच्या दुकानातून हातात पिशवी घेऊन किती बाहेर पडतात, ते मोज. कोपऱ्यावर बीट-काकडी-बटाटा आणि हिरवी चटणी घालून ग्रिल करून देणारा सँडविचवाला असेल, तर त्याच्याकडेही तासभर थांब. तुझा खरा स्पर्धक तोच आहे. भाडं आणि रॉयल्टी नसलेला माणूस किती स्वस्त देऊ शकतो, ते त्याच्याकडे दिसेल.

सँडविचचा धंदा सोपा वाटतो, कारण त्याला तळणीची कढई लागत नाही, मोठी चिमणी लागत नाही, लहान जागा पुरते. सबवे ही सँडविचची साखळी १९६५ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला सुरू झाली आणि पेट्रोल पंपापासून हॉस्पिटलपर्यंत कुठेही मावली, त्याचं एक कारण हेच. पण जे सहज उघडता येतं ते शेजारीही सहज उघडतं. तिची अमेरिकेतली दुकानं २०१५ च्या सुमारास २७ हजारांवर होती, २०२४ अखेर ती २० हजारांच्या खाली आली. तुझ्या करारात 'क्षेत्र' या शब्दापुढे काय लिहिलंय ते वाच. किती किलोमीटरात ते दुसरं दुकान देणार नाहीत? आणि ॲपवरून येणारी ऑर्डर त्या क्षेत्रात धरतात का?

दुकान सुरू झाल्यावर पैसे गळतात ते कारागिराच्या हातातून. सायंकाळी उरलेला ब्रेड, पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी काळवंडणारं लेट्यूस, ओळखीच्या गिऱ्हाइकाला प्रेमाने घातलेलं जास्तीचं चीज. एका सँडविचमागे ८ रुपयांचा माल जास्त गेला, तर ४,९०० बिलांवर महिन्याला ३९ हजार होतात. तुझा पगार गेला! मी पहिलं वर्षभर रोज रात्री वेस्टेज वजनकाट्यावर तोलून वहीत लिहायची. मुलं आधी हसायची, नंतर स्वतःच लिहू लागली. श्रावणात चिकनचा माल निम्म्याने मागव, नवरात्रातही. मार्गशीर्षातले गुरुवार कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेव. ब्रँडचा मुख्य ऑफिसमधला माणूस दुसऱ्या राज्यातला असेल तर त्याला हे सांगून पटणार नाही. विक्रीचे आकडे दाखव.

कराराबद्दल थोडं. अमेरिकेत सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी ब्रँडला २३ मुद्द्यांचा खुलासा लेखी द्यावा लागतो. त्यात सुरुवातीचा खर्च, बंद पडलेली दुकानं, सोडून गेलेल्या फ्रँचायझींचे संपर्क असं सगळं असतं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही, १८७२ च्या करार कायद्यावरच भागवायचं. तेव्हा तीच माहिती तू लेखी मागून घे. चालू दुकानांचे नंबर ते आनंदाने देतील, तू बंद केलेल्यांचे माग. देत नसतील तर जुन्या पत्त्यांवर जाऊन शेजारच्या दुकानदारांना विचार, ते भरभरून बोलतात.

आणि फ्रँचायझीची मुदत व जागेची मुदत जुळवून घे. करार दहा वर्षांचा आणि लिव्ह अँड लायसन्स पाच वर्षांचं असेल, तर सहाव्या वर्षी मालक म्हणेल तो आकडा. दरवर्षी ५ टक्के वाढ मान्य केलीस तरी १ लाख २० हजारांचं भाडं पाचव्या वर्षी १ लाख ४५ हजारांच्या पुढे जातं. लॉक-इन तुझ्यावर एक वर्षाचा, मालकावर पूर्ण मुदतीचा असा माग. सगळं मिळणार नाही, पण मागितल्यावर थोडं तरी मिळतं. मी मागितलंच नव्हतं.

बाबांच्या पीएफला हात लावू नकोस. यावर मला वाद नको. तुझ्या बचतीत बसणारं एखादं छोटं, भागीदारीतलं दुकान असेल तर मी स्वतः तुझ्याबरोबर जागा बघायला येईन.

पुढच्या रविवारी कराराचा मसुदा आणि तुझी मोजणीची वही घेऊन ये. दुपारी जेवायलाच ये. माझ्या वेस्टेजच्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत, त्या काढून ठेवते.

तुझी,
मावशी