माळ्यावरची ट्रंक खाली काढा

प्रश्न : पोस्टात ३४ वर्षे नोकरी केली, त्यातली बरीच सॉर्टिंगला. आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. यजमान नाहीत, मुलगी बंगळूरला, पुतण्या गावातच. सगळे म्हणतात, 'खूप केलंत, आता आराम करा.' आराम करून जीव विटला. भिशी झाली, भजनी मंडळ झालं. सकाळी जाग येते, पण उठायचं कशासाठी तेच कळत नाही. सध्या घर आवरायला काढलंय. माळ्यावर आजेसासऱ्यांची, जुन्या मोडी लिपीतल्या कागदांची ट्रंक आहे. घरात कुणालाच ते वाचता येत नाहीत. रद्दीत देऊ का?

ताई,

रद्दीत मुळीच देऊ नका. तुमच्या अख्ख्या पत्रात मला हीच गोष्ट मोलाची वाटली.

भिशीत तुमच्यावाचून काही अडत नाही, म्हणून तिथे मन लागत नाही. तुम्ही वर्षानुवर्षं गिचमिड, पुसट पत्ते लावलेत. तो डोळा अजून शाबूत आहे आणि आठ महिने त्याला कामच मिळालेलं नाही.

मोडी शिका. सोपी नाही, हे आधीच सांगते. मी स्वतः पन्नाशीनंतर शिकले. ओळभर रेघ आधीच ओढलेली, तिच्याखाली अक्षरं हात न उचलता लपेटत गेलेली. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. कानामात्रा लागली की ओळखीचं अक्षरही रूप पालटतं. बाराखडी पाठ होऊनही तीन आठवडे मला एक ओळ धड लागत नव्हती. मग एका सकाळी एका खरेदीखतात 'बांध' आणि 'विहीर' लागोपाठ लागले. चहा गार झाला तरी मी जागची हलले नाही.

मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, त्यामुळे तुमच्या ट्रंकेत खरेदीखतं, वाटणीपत्रं, कर्जरोखे असू शकतील. आणि घरचे कागद संपले तरी काम संपायचं नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद आहेत, वाचणारे मात्र मोजके. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतं, पुराभिलेख संचालनालयाचेही असतात. चौकशी करा.

कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. मऊ ब्रशनं धूळ झटका, मोबाईलवर फोटो काढा आणि वाचन फोटोवरूनच करा. रोज सकाळी चहानंतर तासभर. वहीत एक ओळ उतरली तरी पुष्कळ. शब्द अडला तर जागा कोरी सोडून पुढे जा, महिन्याभरानं तोच शब्द सहज लागतो.

झोप-भूक उडाली असेल, सारखं रडू येत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना भेटा. ते अंगावर काढू नका.

आणि माळ्यावर स्वतः चढू नका. रविवारी पुतण्याला बोलवा, ट्रंक उतरवून घ्या. झाकण तेवढं तुम्हीच उघडा.